आधी उत्तर, मग प्रश्न

परीक्षेत प्रश्न आधी असतो, अशी आम्हा मास्तरांची समजूत. १९५२ साली अमेरिकेत उलटे घडले. अध्यक्षपदाचे उमेदवार जनरल आयझेनहॉवर यांनी स्टुडिओत एका दिवसात चाळीस उत्तरे वाचून दाखवली. मागाहून न्यूयॉर्क पाहायला आलेल्या प्रवाशांकडून प्रश्न वदवून घेतले, तुकडे जोडले आणि टेलिव्हिजनवर जाहिराती झळकल्या. कर्ते रॉसर रीव्ह्ज. ॲनासिनच्या जाहिराती करणारे तेच गृहस्थ! जोडीला ‘आइक’चे गाणे होते, आणि चाल मोठी झकास. प्रतिस्पर्धी स्टीव्हन्सन बिचारे अर्धा अर्धा तास सुंदर भाषणे करीत राहिले नि सपशेल हरले.

एक गृहिणी महागाईचे रडगाणे गाते. जनरल म्हणतात, घरी आमचे कुटुंबही हेच सांगते. किती घरगुती! चित्रीकरणात दोघांची गाठसुद्धा पडली नव्हती.