कळफलकावरची स्वदेशी

व्यासपीठावरून स्वभाषेचा जयघोष करायचा आणि खाली उतरताच भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरांत मराठी लिहायची, ही विसंगती आपल्याला कधी टोचणार?

'मराठी टंकन अवघड' ही सबब आता शिल्लक नाही. १९९१च्या भारतीय मानकातील इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत अंतर्भूत आहे. वेगळे मूल्य पडत नाही. त्याची रचना आपल्या वर्णमालेवर बेतलेली : साधारणपणे डाव्या हाती स्वर, उजव्या हाती व्यंजने. देवनागरीत ज्या कळीवर 'क', त्याच कळीवर बंगालीत आणि तमिळमध्येही 'क'. भारताच्या एकात्मतेचा याहून बोलका पुरावा कोणता?

मुद्रणयंत्राला सोयीची व्हावी म्हणून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिसुधारणेचा आग्रह धरला. आज युनिकोडमुळे लिपीला यंत्रापुढे वाकावे लागत नाही. उणीव आहे ती आपल्या संकल्पाची. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पण ज्या घरात आजीचा आशीर्वादही रोमन लिपीत येतो, त्या घरातला नातू ज्ञानेश्वरी उघडणार तरी कशी?

दसऱ्याला आपण शस्त्रपूजन करतो. येत्या दसऱ्यापूर्वी प्रत्येकाने पंधरा दिवस, रोज अर्धा तास या कळफलकाचा सराव करावा. न चालवलेले शस्त्र गंजते. लिपीचेही तसेच आहे.