खेळाडू कच्चा, गुरु पक्का

ज्याला स्वतःला साधलें नाहीं, तो दुसऱ्याला काय शिकविणार? मुलाला शिकवणीचे मास्तर नेमतांना हा प्रश्न घरोघर निघतो, आणि वरकरणी तो सयुक्तिकहि वाटतो. आम्हीं स्वतः मॅट्रिकच्या पुढें शिक्षण घेतलें नाहीं. तरी आमच्या हाताखालून गेलेले कांहीं विद्यार्थी पदवीधर झाले. त्यामुळें ह्या प्रश्नाचा विचार आम्हांस जन्मभर करावा लागला. त्याचें एक उत्तर आम्हांस अमेरिकेंतील बेसबॉलच्या मैदानावर सांपडलें, तें या खेपेस वाचकांपुढें ठेवितों.

बेसबॉल हा आपल्या चेंडूफळीचा दूरचा भाऊबंद. तेथील सर्वांत वरच्या स्पर्धेस 'मेजर लीग' म्हणतात व तिच्या खालीं पायऱ्यापायऱ्यांची 'मायनर लीग' असते. मोठा संघ होतकरू मुलांना पगारावर घेतो आणि खालच्या पायरीपासून चढवीत नेतो. बहुतेक मुलें मध्येंच गळतात. जिम लीलंड हे त्या गळलेल्यांपैकींच एक. त्यांचा जन्म १९४४ सालीं ओहायओ संस्थानांत झाला. १९६३ सालीं डेट्रॉइट टायगर्स या संघानें त्यांना 'कॅचर' म्हणून घेतलें. कॅचर म्हणजे आपल्याकडील यष्टिरक्षकाच्या जागेचा गडी. क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ गड्यांत सगळें मैदान ज्याच्या डोळ्यांसमोर असतें, असा तोच एक. परंतु लीलंड यांची फळी कांहीं चालेना. सात हंगामांची त्यांची सरासरी .२२२, म्हणजे शंभर प्रयत्नांत जेमतेम बावीस यशस्वी. उत्तम फलंदाज तिसांपर्यंत जातो. 'होमरन', म्हणजे आपल्या षट्काराच्या तोलाचा फटका, त्यांनीं सात वर्षांत अवघे चार वेळां मारला. मेजर लीगमध्यें एकहि सामना खेळावयास न मिळतां त्यांचें खेळाडूचें आयुष्य संपलें.

संघानें मात्र त्यांना सोडलें नाहीं. १९७१ पासून अकरा हंगाम त्यांनीं मायनर लीगमध्येंच संघ चालविले आणि कोणीं नांवहि न ऐकलेलीं पोरें घडविलीं. १९८२ सालीं शिकागो व्हाइट सॉक्स संघानें त्यांना तिसऱ्या बेसजवळचे 'कोच' नेमिलें. या कोचानें मैदानाच्या कडेला उभें राहून टोपीला, कानाला, छातीला हात लावून फलंदाजाला सांकेतिक खुणा करावयाच्या. आणि धांवत येणाऱ्या गड्याला पुढें पाठवावें कीं तेथेंच थांबवावें, याचा निर्णय क्षणार्धांत द्यावयाचा. गडी पोंचला तर टाळ्या गड्याला. बाद झाला तर बोल कोचाला. मास्तरकीचें याहून नेमकें चित्र आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

१९८६ सालीं लीलंड पिट्सबर्ग पायरेट्स या संघाचे मुख्य झाले. त्यांच्या हाताखालीं बॅरी बॉन्ड्स होते. १९९० सालीं नॅशनल लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळविलेले. १९९१ च्या वसंतांतील सरावाच्या वेळीं बॉन्ड्स हुज्जत घालूं लागले, तेव्हां लीलंड यांनीं कॅमेऱ्यांसमोरच त्यांची खरडपट्टी काढली. येथें राहावयाचें नसेल तर चालते व्हा, असा तिचा मतलब होता. ज्याची स्वतःची सरासरी बावीस, त्यानें अशा खेळाडूस असें बोलावें? पण शिस्तीचा अधिकार सरासरीवर ठरत नसतो. बॉन्ड्स यांनीं १९९२ सालीं तोच मान पुन्हां मिळविला. आणि २०२४ च्या ऑगस्टांत पायरेट्सनीं आपल्या सन्मानमंडळांत या गुरुशिष्यांना एकाच वेळीं घेतलें.

सारेंच गोड झालें असें नाहीं. १९९० ते १९९२ अशीं लागोपाठ तीन वर्षें पायरेट्स अंतिम 'वर्ल्ड सीरीज'च्या उंबरठ्यावरून परतले. १९९७ सालीं फ्लॉरिडा मार्लिन्स या संघाकडून लीलंड यांनीं ती जिंकली. पण खर्च आंखडण्यासाठीं मालकांनीं चांगले खेळाडू दुसरीकडे धाडले, आणि पुढल्याच वर्षीं त्या संघानें १०८ सामने गमाविले. १९९९ सालीं कोलोरॅडो येथील काम त्यांनीं एका हंगामांतच सोडलें. अखेर वयाचीं एकसष्ट वर्षें उलटल्यावर, २००६ सालीं, ज्या टायगर्सनीं त्यांना प्रथम घेतलें होतें त्यांच्याकडेच ते मुख्य म्हणून परतले. तीन वर्षांपूर्वीं ११९ सामने हरलेला तो संघ त्यांनीं पहिल्याच वर्षीं वर्ल्ड सीरीजपर्यंत नेला. २०१३ सालीं ते निवृत्त झाले, तेव्हां त्यांच्या नांवावर १,७६९ विजय होते. आणि २०२४ सालीं कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्यांना स्थान मिळालें.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'ंत दोन नाट्याचार्यांचा तंटा आहे. स्वतः करून दाखविण्याचें कौशल्य निराळें आणि तें शिष्यांत उतरविण्याचें कौशल्य निराळें, हा भेद तेथें स्पष्ट केलेला आहे. दोन्ही एके ठिकाणीं असतील तर सोन्याहून पिवळें. पण एकच लाभणार असेल, तर गुरूच्या ठायीं दुसरेंच पाहावें.

मात्र, नापास झालेला प्रत्येक मनुष्य उत्तम शिक्षक होतो असें कोणीं समजूं नये. आपण कोठें चुकलों हें ज्यानें बारकाईनें पाहिलें आणि दुसऱ्याच्या यशाचा ज्याला मत्सर वाटला नाहीं, त्याचेंच अपयश शिष्याच्या कामीं येतें. तेव्हां मुलासाठीं मास्तर पाहतांना त्यांचें प्रशस्तिपत्र अवश्य पाहावें. परंतु त्यांनीं शिकविलेल्या दोन मुलांना आधीं भेटावें.