डोस द्यायला निघताना औषधाची चिठ्ठी घेतलीत ना?

बाळाला जरा पडसं झालं, की "आज इंजेक्शन राहू दे गं" असा निकाल घरात लगेच लागतो. पण मैत्रिणींनो, साधं सर्दी-पडसं, किंचित कणकण किंवा चालू असलेलं अँटिबायोटिक, एवढ्यानं बाळाच्या नेहमीच्या लसी अडत नाहीत. उगीच तारीख पुढे ढकलू नका.

अडतं ते भलतीकडेच, आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं. दम्यासाठी किंवा लघवीतून प्रथिनं जाऊन अंगावर सूज येते त्या विकारासाठी मुलाला प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड, सुरू असतं. ते मोठ्या मात्रेत 14 दिवस किंवा जास्त दिलं, तर प्रतिकारशक्ती मंदावते. आता गोवर-रुबेला, कांजिण्या, बीसीजी, तोंडावाटे द्यायचा पोलिओ, या लसींत जंतू जिवंतच असतात, फक्त दुबळे केलेले. अशा मुलाच्या अंगात ते डोकं वर काढू शकतात! म्हणून औषध संपल्यावर निदान महिनाभर थांबतात. दम्याचा ओढायचा पंप आड येत नाही. आणि लसीसाठी म्हणून स्टिरॉइड आपल्या मनानं मुळीच बंद करायचं नाही हं. ते अधिक धोक्याचं.

मुलाला रक्त चढवलं असेल, तर तेही सांगा. त्यातली प्रतिद्रव्यं गोवराच्या लसीचा गुण येऊ देत नाहीत, म्हणून ती काही महिने लांबवतात.

ताप येईल म्हणून आधीच पॅरासिटामॉल पाजून नेऊ नका. ताप आला, तरच डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं द्या.