ब्लॉक फोडण्याची सवय मोडा

वास्तुविशारदाच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन नेमताना हमखास विचारतात, ‘ऑटोकॅडवर हात किती बसलाय?’ त्याची फाइल आतून कशी आहे, हे मात्र क्वचितच कोणी उघडून बघते. प्रिंट नीट आली की काम संपले!

समजा, ६० खोल्यांच्या वसतिगृहाचा प्लॅन आहे आणि प्रत्येक खोलीत एक पलंग. पलंगाच्या रेषा एकत्र बांधून त्यांचा ब्लॉक केला, तर फाइलमध्ये त्याची व्याख्या एकच राहते. खोल्यांत दिसतात ते ब्लॉक रेफरन्स. त्यांत पलंगाच्या रेषा साठवलेल्या नसतात. कोणता ब्लॉक, कुठे, किती फिरवून, कोणत्या प्रमाणात, एवढीच मुख्य नोंद असते. उद्या मालक म्हणाला, ‘९०० नको, १०५० मिलिमीटरचा पलंग घ्या’, तर ब्लॉक एडिटरमध्ये एकदा बदल केला की ६० पलंग बदलतात. नुसत्या रेषा कॉपी केल्या असतील, तर खोली-खोलीत हात घालायचा. त्यात एखादी सुटायचीच.

ही कल्पना ऑटोकॅडहून जुनी. इव्हान सदरलँड यांच्या १९६३च्या ‘स्केचपॅड’ या संगणकीय आरेखन प्रणालीत मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती बदलत. ऑटोकॅड आले १९८२ साली.

तरीही ब्लॉकमधली एखादी रेषा आड आली की अनेकांचे बोट ब्लॉक फोडणाऱ्या ‘एक्स्प्लोड’कडेच वळते. त्या क्षणी ब्लॉकशी नाते तुटते. दरवाज्याच्या ब्लॉकला ‘डी-१२’ असा अ‍ॅट्रिब्यूट जोडला असेल, तर ते मूल्य पुसले जाते आणि तिथे नुसता टॅग उरतो. पुढे डेटा एक्स्ट्रॅक्शनने दरवाज्यांची यादी काढली, की तो दरवाजा गायब. मग ऑर्डर एकाने कमी!

‘घाई असते हो,’ ही सबब अगदीच खोटी नाही. पण एखादाच नग वेगळा हवा असेल, तर ब्लॉक दुसऱ्या नावाने सेव्ह करता येतो. फक्त मापे बदलायची असतील, तर २००६च्या आवृत्तीपासून डायनॅमिक ब्लॉक आहेतच. दरवाज्याचा ब्लॉक बनवताना बेस पॉइंट बिजागरीच्या कोपऱ्यावर घेणे, आतल्या रेषा शून्य लेयरवर काढणे, युनिट तपासणे, हे शिकायला फार वेळ लागत नाही.

म्हणून आयटीआय आणि पदविकेच्या प्रात्यक्षिकात प्रिंटबरोबर फाइलही तपासावी. परीक्षकाने समोर बसवून सांगावे, ‘सगळे दरवाजे बदल आणि यादी काढून दे.’ निम्मे गुण त्यालाच ठेवावेत.