उपटून काढलेला शब्द

चाकणच्या बाजारात कांद्याच्या वक्कलापाशी उभ्या असलेल्या माणसाला 'माल कसाय?' विचारलं आणि तो 'एक नंबर' म्हणाला, तर ती स्तुती नसते. तो प्रत सांगत असतो. एक नंबर म्हणजे मोठा, गोल, पत्तीला चांगला कांदा. त्याखाली दोन नंबर, मग गोल्टी, चिंगळी आणि तळाला बदला. शेतावर निवड करणाऱ्या बायांच्या हातांना हे भेद इतके पाठ असतात की बोलता बोलता कांदा आपापल्या ढिगावर जाऊन पडतो. दुसऱ्या दिवशी पेपरात आवकेच्या आकड्याखाली 'भाव क्रमांक १, क्रमांक २, क्रमांक ३' छापून येतं. आमच्या खेड तालुक्यातल्या पोरांना पाढे यायच्या आधी हा उतरता क्रम येतो.

तोच माणूस संध्याकाळी एखाद्या लग्नात मठ्ठ्याचा दुसरा ग्लास संपवतो आणि म्हणतो, 'एक नंबर!' आता मात्र ती स्तुती असते. पण इथे दोन नंबरचा मठ्ठा कुठाय? गोल्टी मठ्ठा कुणी पाहिलाय? ढिगावरून उठून शब्द तोंडात आला आणि येताना बाकीचे ढीग मागेच राहिले.

दोन नंबरचं नशीब तर आणखी वाईट. बाजारात तो सरळ, प्रामाणिक माल आहे, फक्त अंगाने जरा लहान. बोलण्यात मात्र 'दोन नंबरचा धंदा' म्हटलं की पोलीस आठवतात. (शाळेत बोट वर करून हे दोन्ही नंबर कशासाठी सांगितले जायचे, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायच्या मजकुरात लिहीत नाही.)

दिवाळी अंकाच्या संपादकाला या शब्दांची उठाठेव कशाला, तर आमचाही धंदा निवडणीचाच आहे. का. र. मित्रांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तो मराठीतला पहिला मानतात. तो एकटाच होता. त्याला दोन नंबर नव्हता, म्हणून एक नंबरही नव्हता. हेवा वाटावा अशी ती जागा. आता मराठीत दर दिवाळीला शेकड्यांनी अंक निघतात आणि त्यांना 'सर्वोत्कृष्ट' ठरवणाऱ्या स्पर्धाही बऱ्याच आहेत. सर्वोत्कृष्ट एकापेक्षा जास्त असले, तर व्याकरणाला जरा अवघडल्यासारखं होतं, पण सत्काराची शाल सगळ्यांनाच पुरते.

बाजारातल्या एक नंबराबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. तो लिलावातला एक नंबर. घरी शेतकरी बहुधा गोल्टीच खातो आणि आमटीला त्याने काही फरक पडत नाही. बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या जागेत, तर हिशोब उलटाही होतो. थोराड, जाड मानेचा कांदा आधी सडतो. मध्यम, बारीक मानेचा पावसाळा काढतो. मे महिन्यात ज्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, तो सप्टेंबरात भाव खातो. एक नंबर म्हटलं की कुणासाठी आणि कोणत्या महिन्यात, हे विचारावं लागतं. बाजारातला माणूस ते विचारतो. लग्नातला विचारत नाही.

'भारी'चा प्रवासही असाच. मुळात तो तराजूतला शब्द. जरीचं वजन असलेली साडी भारी, म्हणून महाग साडी भारी, आणि मग जे जे आवडलं ते भारी. २०१४मध्ये 'लय भारी' नावाचा सिनेमा आला तेव्हा शब्दातलं वजन केव्हाच उतरलं होतं. आता मोबाइलचं हलकं कव्हरही भारी असतं. मला यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. शब्दांनी आयुष्यभर हमाली करावी असं थोडंच आहे. पण आमच्याकडची जुनी माणसं जेवण मनापासून आवडलं की 'बेस झालं' एवढंच म्हणतात आणि हात धुवायला उठतात. हा 'बेस' फारसीतून आलेला. तिथे 'बेश' म्हणजे जास्त, अधिक. अधिक म्हणणारा शब्द इतक्या कमी आवाजात वापरायचा, ही खेडची रीत.

महामार्गाच्या पलीकडे कारखान्यांत तर कौतुकाला जागाच नाही. १९९९मध्ये बजाजचा कारखाना चाकणला आला, २००९मध्ये फोक्सवॅगनचा. त्यांच्यामागून सुटे भाग करणारे शेकडो व्हेंडर आले आणि बराखी असलेल्या घरांतली पोरं क्वालिटीत लागली. त्यांच्या हातात गेज असतो. 'गो'ची बाजू भोकात गेली पाहिजे, 'नो-गो'ची जाता कामा नये. तसं झालं तर ओके, नाही तर रिवर्क किंवा रिजेक्ट. मापापेक्षा जास्त चांगला पार्ट असं काही नसतंच. सिक्स सिग्मावाले दहा लाखांत ३.४ दोषांपर्यंत चालेल म्हणतात. कारखाना गुण मोजत नाही, दोष मोजतो. त्याचं हे शहाणपण मला मनापासून पटतं, कारण ब्रेकच्या भागाला कुणी 'लय भारी' म्हणावं अशी माझी इच्छा नाही. तो ओके असावा. पण गोष्टीला ओके म्हणून परत पाठवलं, तर लेखक वर्षभर बोलणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

मग उरतो तो पुस्तकी, प्रशस्तिपत्रकातला शब्द: उत्कृष्ट. उत्तेजनार्थ बक्षिसाच्या शेजारी राहून राहून त्याच्यावर खडूची धूळ बसलीय. मीही तो बरीच वर्षं टाळला. यंदा सहज त्याची फोड केली आणि हसू आलं. उद् म्हणजे वर. कृष् म्हणजे ओढणं. उत्कृष्ट म्हणजे वर ओढून काढलेलं. हाच कृष् कृषीत आहे, कारण नांगर ओढावा लागतो. आकर्षणात जवळ ओढणारा तोच, निष्कर्षात बाहेर ओढून काढणारा तोच. आणि 'निकृष्ट' म्हणजे खाली ओढलेलं. हा शब्द मात्र आमच्या भागातल्या रस्त्यांच्या बातम्यांनी अगदी तजेलदार ठेवलाय.

म्हणजे व्युत्पत्तीने पाहिलं, तर मार्च-एप्रिलच्या उन्हात गरवा कांदा काढणारी बाई दिवसभर जे करते, तेच उत्कृष्ट. त्यात एक नंबरही आला आणि चिंगळीही आली, कारण शब्दाला आकाराशी देणंघेणं नाही. तो फक्त मातीतून वर येण्याबद्दल बोलतो. काढणीची वेळही ठरलेली असते. निम्म्याहून जास्त माना पडायला हव्यात. त्याआधी घाई केली तर कांदा कच्चा. रान फार वाळू दिलं तर जमीन धरून ठेवते, आणि जोर लावला की पात तुटून हातात येते, कांदा आत राहतो. मग खुरप्याने उकरत बसायचं.

अंकासाठी आलेला मजकूर वाचताना हे सारखं आठवत होतं. काही पाकिटांवर लेखकांनी स्वतःच 'दर्जेदार' असं लिहून पाठवलं होतं. एकाने जुन्या बक्षिसाची झेरॉक्सही जोडली होती. त्यांतल्या बऱ्याच कथांत माझ्या हाती नुसती पात आली. हिरवीगार, लांब. एक कथा मात्र वहीच्या फाडलेल्या पानांवर आली, अक्षर वाईट, शेवट अडखळलेला. तिला माती चिकटलेली होती. ती घेतलीय. शेवट तसाच ठेवलाय.

नंबरांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या गावाला, खेडला, राजगुरूनगर हे नाव ज्यांच्यावरून मिळालं त्यांच्याबद्दलही. २४ ऑगस्ट १९०८ रोजी इथे खेडला जन्मलेले शिवराम हरी राजगुरू १७ डिसेंबर १९२८ला लाहोरात होते आणि पोलीस अधिकारी सॉंडर्सवर पहिली गोळी त्यांची होती. २३ मार्च १९३१ला तिघे एकत्र फासावर गेले. पण नावं घेताना आपण 'भगतसिंग, राजगुरू, सुखदेव' म्हणतो. उत्तरेकडे बहुधा 'भगतसिंग, सुखदेव, राजगुरू' म्हणतात. दोन नंबर किंवा तीन. भीमाकाठच्या वाड्यापाशी उभं राहिल्यावर हा क्रम मनात येत नाही. बाहेरगावी भाषण ऐकताना येतो, आणि आम्हा खेडकरांना तो जरा टोचतो, हे कबूल करतो.

यंदाच्या अंकात कथा आहेत, कविता आहेत, बराखींवरचा एक लेख आहे आणि नाइट शिफ्टच्या बसमधली एक डायरी आहे. वाचून झाल्यावर 'एक नंबर' असा निरोप नाही पाठवला तरी चालेल. कुठल्या पानावर कंटाळून अंक मिटला, ते कळवा. मजकूर ज्या क्रमाने लागला, त्यात जाहिरातींच्या पानांची सोय जास्त आणि आमची आवड कमी आहे. अनुक्रमणिकेत जे आकडे दिसतील, ते पानांचे आहेत.