मुद्देमाल कुठे आहे?

मराठीत आपण वाङ्मयचौर्य म्हणतो, कन्नडमध्ये कृतिचौर्य. चोरी दोन्हीकडे आहेच आणि घोटाळा तिथेच होतो. कुणाला चोर म्हटलं की मुद्देमाल पाहायला कोणी थांबत नाही. तो माणूस कुणाच्या गोटातला, एवढीच चौकशी होते.

बंगळूरचंच घ्या. २०११ साली ‘ॲडव्हान्स्ड मटेरियल्स’मध्ये ग्राफीनवरचा एक शोधनिबंध आला. सी. एन. आर. राव आणि एस. बी. कृपानिधी हे त्याचे ज्येष्ठ लेखक. प्रास्ताविकातली काही वाक्यं दुसऱ्यांच्या आधीच्या निबंधातून जशीच्या तशी आलेली निघाली. लेखकांची माफी छापून आली, निबंध मागे घेतला गेला नाही. विद्यार्थ्याकडे बोट दाखवणारा खुलासा मला तेव्हाही पटला नाही, आजही नाही. निबंध गाजला असता तर श्रेय काही त्या विद्यार्थ्याच्या एकट्याच्या पदरात पडलं नसतं. पण नोव्हेंबर २०१३ मध्ये रावांना भारतरत्न जाहीर झालं, संशोधनाला मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशावरून ते राजकारण्यांवर जाहीरपणे चिडले आणि ती जुनी वाक्यं पुन्हा वर आली. पैसा पुरेसा मिळतो की नाही, हे ग्राफीनच्या प्रास्ताविकावरून कसं ठरणार?

याची उलटी बाजू २०१५ मध्ये दिसली. राजीव मल्होत्रा यांच्या ‘इंद्राज् नेट’मध्ये अँड्र्यू निकल्सन यांच्या पुस्तकातली वाक्यं अवतरणचिन्हांशिवाय आल्याचा आरोप रिचर्ड फॉक्स यंग यांनी केला. यंग तेव्हा प्रिन्स्टनच्या ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेत शिकवत होते, समर्थकांना एवढं पुरलं. उतारे बाजूला राहिले आणि यंग यांच्या धर्माचा पंचनामा सुरू झाला. मल्होत्रांचं म्हणणं, निकल्सनचा उल्लेख आपण पुस्तकात वारंवार केला आहे. पुढे त्याचे संदर्भ काढून मूळ संस्कृत ग्रंथांचे देऊ. विचार पंडितांचे आहेत, कबूल. पण वाद त्या विचारांचा नव्हताच. ते मांडणारं इंग्रजी वाक्य कुणी घडवलं, एवढाच प्रश्न होता, आणि पंडितांनी ते घडवलेलं नाही!

राजकीय वादात आता टक्केवारीही फेकली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून नऊ टक्केवाला साव आणि अकरावाला चोर. यंत्र अक्षरं जुळवतं. अवतरण रीतसर दिलंय की ढापलंय, हे माणसालाच वाचून ठरवावं लागतं. आरोप करणाऱ्याने दोन्ही उतारे पृष्ठांक आणि तारखांसह शेजारी ठेवावेत. तेवढे कष्ट नसतील तर मी तो आरोप शिवीच्या खात्यात टाकतो, मग तो माझ्या बाजूचा का असेना.

आणि आपल्यासारख्या चार भाषांत वावरणाऱ्यांनी जरा स्वतःच्या ताटात पाहावं. कन्नड लेखकाने वर्षभर जिल्हे फिरून उभा केलेला युक्तिवाद इंग्रजी स्तंभात नावाशिवाय येतो, तिथून मराठीत उतरतो, आणि इथे त्या इंग्रजी स्तंभलेखकाचे आभार मानले जातात. यंत्राला विचारलं तर तिन्ही मजकुरांतलं साम्य शून्य टक्के भरेल. या उचलेगिरीवर निवेदन काढून सह्या गोळा केलेल्या मी अजून पाहिलेल्या नाहीत.