झाकलेला दिवा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. अर्नाळ्याहून मासळी घेऊन परत येत होतो. आगाशीच्या नाक्यावर नेहमीप्रमाणे गर्दी. गाडी उभी केली आणि समोर स्पीडोमीटरच्या शेजारी एक लाल दिवा लागला. चित्र तेलाच्या चोचवाल्या बुधलीचं, तिच्या टोकाशी एक थेंब. अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की दिवा विझायचा, सोडला की पुन्हा हजर. सौ. शेजारी बसली होती, पण तिचं लक्ष पिशवीतल्या बोंबलांकडे होतं. मी काही बोललो नाही.

आमची गाडी २००६ सालची. नंबर एमएच-०४ चा, कारण तेव्हा विरार ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. पंधरा वर्षं झाल्यावर २०२१ मध्ये गाडीची पुन्हा नोंदणी केली, पाच वर्षांची मुदत मिळाली. गंमत म्हणजे माझंही तसंच आहे. पंचावन्न ओलांडलेल्या माणसाला गाडी चालवण्याचा परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो, आणि सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. म्हणजे गाडी आणि मी, दोघेही सरकारच्या लेखी मुदतवाढीवर!

मुलगा पुण्याला असतो. दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी एक वाक्य हमखास असतं, "बाबा, ती गाडी आता विका. रिक्षा आहेत, ॲपवरच्या टॅक्सी आहेत, कशाला त्रास?" त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण गाडी गेली की माझं जाणं-येणं दुसऱ्याच्या सवडीवर येणार, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे तो लाल दिवा मला बिघाड वाटलाच नाही, मुलाच्या बाजूने उभा राहिलेला साक्षीदार वाटला.

मग मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. ड्रॉवरमधून काळी चिकटपट्टी काढली, नखाएवढा तुकडा कापला आणि दिव्यावर चिकटवला.

तीन आठवडे तशीच गाडी चालवली. एवढंच नाही, तर विरार फाट्यावरून महामार्गाला लागून घोडबंदरमार्गे ठाण्याला एका लग्नालाही जाऊन आलो. मागच्या सीटवर सुट्टीला आलेली नात होती. परत आल्यावर तीच पुढे येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, इथे पट्टी का लावलीय?" सौ.ने वाकून पाहिलं. ती फार बोलत नाही. एवढंच म्हणाली, "प्रगतिपुस्तकातली लाल रेघ खोडून आणणाऱ्या पोराला तुम्ही किती वेळ उभं केलं होतं, आठवतंय ना?"

आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी बोळिंजच्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने पट्टी पाहिली, हसला नाही. "काका, लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा. लालवर पट्टी नका लावू कधी." मग त्याने एकेक पायरी घेतली, आणि सांगतो, चाळीसेक वर्षं शिकवून मलाही इतकं सरळ शिकवता आलं नसतं.

पहिली पायरी, चावी फिरवायची पण इंजिन सुरू करायचं नाही. त्या वेळी सगळे इशारे देणारे दिवे लागलेच पाहिजेत. ती दिव्यांची हजेरी! जो लागत नाही तोच आधी संशयित, कारण बल्ब गेलेला असतो किंवा कुणीतरी काढून टाकलेला असतो. (जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.)

दुसरी पायरी, तेल. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचं, पट्टी काढून पुसायची, पुन्हा घालून बघायची. तेल दोन खुणांच्या मधे हवं. आमचं होतं.

तिसरी पायरी, वायर. इंजिनवर अंगठ्याएवढा एक स्विच असतो. इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो, म्हणून स्विच जोडलेला राहतो आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की पंप तेल फिरवतो, दाब वाढतो, स्विच सुटतो, दिवा विझतो. एवढं साधं. त्याने स्विचवरची वायर काढली आणि चावी फिरवली. दिवा लागला नाही. लागला असता तर वायर कुठेतरी सोलून पत्र्याला टेकली आहे असं समजायचं. म्हणजे आमची वायर शाबूत होती.

आता उरल्या दोनच शक्यता. स्विच खोटं बोलतोय, किंवा दाब खरंच कमी आहे. मी म्हटलं, "स्विच बदलून टाक ना." तो म्हणाला, "काका, आधी मोजू. अंदाजाने पार्ट बदलत नाही मी." दाब खरंच कमी असता तर आत धातूवर धातू घासून इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. महामार्गावर, मागे नात बसलेली असताना! माझ्या पोटात गोळा आला.

त्याने स्विच काढून तिथे मीटर लावला. इंजिन तापू दिलं, कारण तापलेलं तेल पातळ होतं आणि खरी परीक्षा तेव्हाच. काटा जिथे असायला हवा तिथे होता. स्विचच्या तोंडातून मात्र तेल पाझरत होतं. नवा स्विच काही शे रुपयांत बसला. दिवा आता चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो.

तुम्ही म्हणाल, म्हणजे शेवटी काहीच नव्हतं, पट्टी लावली ते फारसं बिघडलं नाही. इथेच माझं म्हणणं आहे. काही नव्हतं हे मोजल्यावर कळलं. पट्टी लावताना मला ते माहीत नव्हतं, नशिबाने निभावलं. आणि मुलाचं "विकून टाका" हेही न मोजताच दिलेलं उत्तर होतं. मी दिवा झाकत होतो, तो गाडीच घालवायला निघाला होता. दोघांनाही तपासणी नको होती, कारण तपासणीचा निकाल आपल्या विरुद्ध जाण्याची भीती असते. म्हातारपणी घरोघरी हेच चालतं. एक तर दुखणं लपवायचं, नाहीतर पोरांनी परस्पर निकाल लावून टाकायचा.

म्हणून मी आणखी एक काम केलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. ही तपासणी मी गेली दोन वर्षं टाळत होतो. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मोतीबिंदू सुरू झालाय, असं निघालं. शस्त्रक्रिया पुढे केव्हातरी, पण तोवर अंधारात गाडी चालवायची नाही आणि महामार्ग बंद. हा निकाल मात्र माझ्या बाजूचा नव्हता.

रविवारी मुलाला सगळं सांगितलं, पट्टीसकट. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक आहे बाबा. दिवसा चालवा. पण काही झालं तर मला सांगत जा."

असो. सांगत जाईन. पट्टीचं रीळ सौ.ने कुठेतरी ठेवून दिलंय. मी शोधलेलं नाही.